हिकारी ठेवा आणि हिरोशिमा काढा? – एका अभ्यासक्रम समितीला खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि अभ्यासक्रम समिती,
(संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना कळेल)
पुणे

विषय: शनिवारच्या वाचनवर्गातून जपानी लेखक केन्झाबुरो ओए यांचे उतारे काढल्याबद्दल

नमस्कार,

गेल्या महिन्यात एका बुधवारी रात्री साडेनऊला, मी भावाला जेवण भरवत होते तेव्हा व्हॉट्सॅपवर आपलं चार ओळींचं परिपत्रक आलं. वाचनवर्गात यापुढे राजकीय किंवा वादग्रस्त आशयाचं साहित्य घेऊ नये, ओए यांचे हिरोशिमा आणि ओकिनावाचे उतारे तूर्तास वगळले आहेत, त्यांच्या मुलासंबंधीचा, म्हणजे हिकारीचा, उतारा ठेवायला हरकत नाही. खाली सही कोणाचीच नाही. ग्रुपवर पाच अंगठे आले, दोन हात जोडलेले नमस्कार आले, विषय संपला. माझा नाही संपला. मी दोनदा भेटायची वेळ मागितली, एक सविस्तर ईमेल केली, तिला उत्तर आलं "नोंद घेतली आहे". नोंद म्हणजे काय ते चौदा वर्षांत मला चांगलं कळलंय, म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही मला ओळखता, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी तुमच्याकडे तासिका तत्त्वावर जपानी शिकवते. आठवड्याचे पाच दिवस चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून जाते, म्हणजे कायझेनच्या (काम सुधारण्याच्या) मीटिंगा, गेम्बावरच्या (प्रत्यक्ष कामाच्या जागेवरच्या) फेऱ्या, जपानहून आलेल्या साहेबांचं चिडणं मराठीत जरा मऊ करून सांगायचं आणि आपल्या सुपरवायझरची कारणं जपानीत त्याहून मऊ करून सांगायची. माझं घर या भाषेवर चालतं, त्यामुळे "मॅडमना प्लेसमेंटचं काय पडलंय" हे वाक्य कृपया कोणी माझ्या पाठीमागे परत बोलू नये. वाचनवर्ग तीन वर्षांपूर्वी मीच सुरू केला, शनिवारी साडेचार ते सहा, त्याचे पैसे मी घेत नाही. एन-टू (जपानीची वरच्या पातळीची परीक्षा) झालेली किंवा तयारी करणारी अकरा मुलं येतात. ओएंचं नाव फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास "ओये!" ऐकू येतं, मग सांगावं लागतं की बाबांनो पहिला ओ लांब आहे, ओ-ओ-ए, आणि या माणसाला १९९४ चं नोबेल मिळालंय.

आता हे परिपत्रक कशामुळे निघालं ते मला आडून कळलंय, तुम्ही सांगितलेलं नाही. त्याआधीच्या शनिवारी आम्ही फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरच्या ओएंबद्दल बोलत होतो. १९ सप्टेंबर २०११ ला टोकियोच्या मेइजी पार्कमधे अणुवीज नको म्हणून साठ हजारांच्या आसपास माणसं जमली होती, त्या सभेच्या आवाहनकर्त्यांत ओए होते, वय ७६. 'सायोनारा गेम्पात्सु', म्हणजे अणुवीज प्रकल्पांना निरोप, असं त्या चळवळीचं नाव, पुढच्या वर्षी त्यांनी ७० लाखांहून जास्त सह्या सरकारकडे नेऊन दिल्या. तर हे चाललं असताना राजापूर तालुक्यातली एक मुलगी म्हणाली की सेन्सेई, माझ्या मावशीची जमीन जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पात गेली. मग वीसेक मिनिटं मुलं बोलली. एक मुलगा म्हणाला मग वीज आणायची कुठून, त्याचंही सगळ्यांनी ऐकलं. कोणी आवाज चढवला नाही, मधून मधून जपानीतसुद्धा बोलली, माझ्या दृष्टीने तर वर्षातला सगळ्यात चांगला तास झाला तो. तुमच्याकडे तक्रार पोचली ती "वर्गात जैतापूरचं राजकारण" अशी.

याबद्दल एवढंच म्हणते की नोव्हेंबर २०१६ मधे टोकियोत भारत-जपान अणुसहकार्य करारावर सह्या झाल्या आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. जपान, अणुऊर्जा आणि भारत यांची गाठ माझ्या वर्गाने नाही मारली, दोन सरकारांनी मारलीये. उद्या असल्या करारांचे कागद भाषांतराला आले तर ते आपल्याच मुलांच्या टेबलावर येणारेत. त्यातला शब्द काय आणि शब्दामागे काय हे त्यांना कळू नये असं आपल्याला वाटतं का?

पण खरं सांगायचं तर जैतापूरवरून मी हे पत्र लिहिलं नसतं. मला लागलंय ते तुमचं तडजोडीचं वाक्य. समितीतल्या एका सरांनी जिन्यात थांबवून प्रेमाने समजावलं, "मॅडम, ते मुलाचं ठेवा की, छान आहे, मुलांना आवडतं, डोळ्यात पाणी येतं. ते हिरोशिमा-ओकिनावा कशाला?" सर वाईट नाहीत, मला माहितीये. पण हा सल्ला म्हणजे पोह्यातून पोहे काढून वरचं खोबरं-कोथिंबीर द्या म्हटल्यासारखा आहे, आणि का ते मी जरा नीट सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

जून १९६३ मधे ओएंना पहिला मुलगा झाला, हिकारी. हिकारी म्हणजे उजेड. कवटीतून मेंदूचा भाग बाहेर आलेला, डॉक्टर म्हणत होते जगला तरी धड जगणार नाही. ओए तेव्हा २८ वर्षांचे, विद्यार्थी असतानाच १९५८ चं आकुतागावा पारितोषिक मिळालेलं, एकदम नावाजलेले लेखक. त्याच ऑगस्टमधे 'सेकाइ' मासिकासाठी ते हिरोशिमाला गेले. मुलगा काचेच्या पेटीत, आशा नाही. सोबतच्या संपादकाची पहिली मुलगी नुकतीच गेलेली. आणि दोघांच्याही ओळखीतल्या एका माणसाने, जग अणुयुद्धात संपणार या धास्तीने पॅरिसमधे जीव दिलेला. ही अशी दोन माणसं ऑगस्टच्या उन्हात त्या शहरात हिंडत होती. हे मी कुठून सांगतेय? 'हिरोशिमा नोट्स'च्या प्रस्तावनेतून, पुस्तक १९६५ चं. म्हणजे तुम्ही ज्या उताऱ्यावर काट मारलीत त्याच्या सुरुवातीलाच ते बाळ आहे! तुम्हाला हवा असलेला मुलगा तुम्ही काढून टाकलेल्या पानांत आहे. उतारा वाचून काट मारली असती तर हे दिसलं असतं, आणि माझी पहिली तक्रार हीच की तो वाचलेला नाही.

उलट बाजूने बघा. मुलाविषयीची म्हणून जी कादंबरी आहे, 'कोजिन्तेकिना ताइकेन', वैयक्तिक अनुभव, १९६४ ची, तिच्यात तरी राजकारण नाही असं वाटतं का तुम्हाला? नायकाचं टोपणनाव बर्ड. त्याचं बाळ हॉस्पिटलात पडलेलं असताना बाहेर सोव्हिएत अणुचाचण्या पुन्हा सुरू झाल्याची बातमी आहे, त्याचे मित्र तिच्यावर अस्वस्थ होऊन बोलतायत आणि बर्डला काहीच वाटत नाहीये. त्याला वाटत नाही हेच तिथे लिहायचंय लेखकाला. घरातली आपत्ती माणसाला जगापुढे किती बहिरा करते ते. आता ही बातमी पण खोडायची का?

आणि "डोळ्यात पाणी येतं, छान आहे" याबद्दल तर मला जास्तच बोलायचंय, कारण हा माझ्या घरचा विषय आहे.

माझा धाकटा भाऊ अडतीस वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी. आई सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तो माझ्याकडे. मी 'कोजिन्तेकिना ताइकेन' पहिल्यांदा बाविसाव्या वर्षी वाचली, इंग्रजीतून, जपानीतून वाचायची तेव्हा ताकदच नव्हती. बर्ड हा कसा बाप आहे ठाऊक आहे? एका क्लासमधे शिकवणारा मास्तर, आफ्रिकेचे नकाशे विकत घेणारा, पळून जायची स्वप्नं बघणारा. बाळ झाल्यावर दारू पितो, एका जुन्या मैत्रिणीकडे जाऊन राहतो, दुसऱ्या दिवशी भर वर्गात पोरांसमोर ओकतो आणि नोकरी घालवून बसतो. आणि हॉस्पिटलात बाळाला दुधाऐवजी साखरपाणी दिलं जातंय, ते हळूहळू अशक्त होऊन जावं म्हणून, आणि हा बाप फोनपाशी वाट बघतोय की गेलं का, गेलं का. शेवटी तो मागे फिरतो, बाळाला ऑपरेशनला नेतो, पण तिथपर्यंतची शेकडो पानं ही अशी आहेत. (लेखक युकिओ मिशिमांना तो शेवट पटला नव्हता. मलाही पहिल्यांदा वाचला तेव्हा घाईचा वाटलेला, आता वाटत नाही.)

आमच्या घरी, भाऊ झाला तेव्हा बाबा दोन दिवस कुठे होते हे आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. आई एकदाच म्हणाली होती, सोलापूरला कामाला गेले होते. सोलापूरला काहीच काम नव्हतं. ते पुस्तक वाचून संपवलं त्या रात्री मला पहिल्यांदा बाबांचा राग आला आणि पहिल्यांदाच त्यांची दयाही आली, दोन्ही एकदम. हे "छान, डोळ्यात पाणी" नाहीये हो. जपानमधल्या एका माणसाने स्वतःच्या आतलं सगळ्यात लाजिरवाणं काढून टेबलावर ठेवलं, म्हणून मला पुण्यात माझ्या घरातलं न बोललेलं बोलता आलं.

यात पुढची तक्रार आली. मागच्या वार्षिक प्रदर्शनात आपण पोस्टर लावलं होतं, ओए बापलेकांचा फोटो, खाली "अपंगत्वावर मात करून संगीतकार!" आणि वर उद्गारचिन्ह. हिकारी संगीतकार झाले हे खरंय. लहानपणी घरी पक्ष्यांच्या आवाजांची रेकॉर्ड लावलेली असायची, प्रत्येक आवाजानंतर निवेदिका त्या पक्ष्याचं नाव सांगायची. सहा वर्षांचा होईपर्यंत मुलाच्या तोंडून अर्थाचा शब्द नाही. एकदा सुट्टीत डोंगरातल्या घराजवळ बापाच्या खांद्यावर होता, पाण्याकडून एक पक्षी ओरडला, तर हा मुलगा अगदी त्या निवेदिकेच्या सुरात म्हणाला, "कुइना, देस." म्हणजे, हा कुइना आहे. कुइना म्हणजे आपल्या पाणकोंबडीच्या जातकुळीतला पक्षी. पुढे पियानो, मग १९९२ मधे त्यांच्या रचनांची पहिली सीडी. सुंदर गोष्ट आहे, मी पण सांगते वर्गात, आणि 'देस' चं उदाहरण म्हणून याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही.

पण माझा भाऊ संगीतकार होणार नाहीये. तो कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि तिसरी झाली की मला हाक मारतो, बस. त्याने कशावर मात केलेली नाही आणि करायची गरजही नाहीये. ओएंनी हिकारीला वाढवायचं ठरवलं ते तो पुढे सीडी काढेल म्हणून नाही, तेव्हा तर तो जगेल की नाही हे पण ठाऊक नव्हतं. एका मुलाखतीत त्यांनी सांगितलंय की रोज मध्यरात्रीच्या सुमाराला हिकारी बाथरूमला उठायचे, ते परत येऊन झोपले की त्यांच्या अंगावर पांघरूण नीट घालायचं, हे झाल्याशिवाय ओए झोपायचे नाहीत. नोबेल मिळालं तरी, सत्तरी ओलांडली तरी. माझा भाऊ दोनला उठतो. पोस्टरवर लावायचंच असेल तर हे लावा, उद्गारचिन्हाशिवाय.

आता त्या 'राजकीय' शब्दाकडे येते, कारण सगळं अडलंय ते तिथे. तुमच्या मनात राजकीय म्हणजे पक्ष, झेंडे, मोर्चे, "उगाच लफडं". ओए १९६३ ला हिरोशिमाला पोचले तेव्हा अणुबॉम्बविरोधी जागतिक परिषद चालू होती आणि ती पक्षांच्या भांडणात फुटत होती, सोव्हिएत बॉम्ब पण वाईट म्हणायचा की नाही यावरून कम्युनिस्ट आणि समाजवादी एकमेकांवर तुटून पडलेले. ओए त्याला विटले. ते सभागृहातून निघून हॉस्पिटलकडे गेले. तिथे डॉ. शिगेतो फुमिओ होते, रेडक्रॉस हॉस्पिटलचे संचालक, बॉम्ब पडला तेव्हा स्वतः शहरातच होते. बॉम्बनंतर हॉस्पिटलातल्या एक्स-रेच्या फिल्म आपोआप काळ्या पडलेल्या दिसल्या आणि त्यावरून त्यांनी ओळखलं की हा साधा बॉम्ब नाही, हा किरणोत्सार आहे. औषध माहीत नाही, रोग माहीत नाही, तरी समोर जखमी माणूस आहे तर काहीतरी करायचं, एवढ्यावर तो माणूस वर्षानुवर्षं काम करत राहिला. ओए सांगतात की आपल्या पेटीतल्या मुलाचं काय करायचं ते या लोकांना बघून ठरलं. तर त्यांचं राजकारण हे असं, पांघरूण घालण्यातून सुरू होणारं. ते पुढे मोर्चात गेलं, कोर्टात गेलं, पण मुळात तिथलं आहे.

१९४५ ला ओए दहा वर्षांचे होते, शिकोकू बेटावर एहिमे प्रांतातल्या जंगलातलं ओसे नावाचं खेडं. शाळेत मास्तर विचारायचे, सम्राटांनी मरायला सांगितलं तर काय करशील? उत्तर ठरलेलं, मरेन, पोट फाडून मरेन. आणि मग १५ ऑगस्टला रेडिओवर शरणागती सांगणारा सम्राटांचा आवाज आला, मोठी माणसं रडत होती आणि पोरांना नवल वाटलं की अरे, हा तर माणसासारखा बोलतो! दोन वर्षांत नवी राज्यघटना आली, युद्ध सोडून देणारं कलम ९ आलं, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या नव्या माध्यमिक शाळेत या पोराला ती शिकवली गेली. शाळेत शिकवलेलं एक पान माणूस आयुष्यभर किती गंभीरपणे घेऊ शकतो बघा. १९९४ मधे नोबेल जाहीर झाल्यावर सरकारला घाईने आठवण झाली आणि सम्राटांच्या हस्ते दिला जाणारा 'बुंका कुन्शो' हा संस्कृतीचा मोठा सन्मान देऊ केला, तर यांनी नाही म्हटलं. लोकशाहीच्या वर मी कुठलीही सत्ता, कुठलंही मूल्य मानत नाही, असं कारण दिलं. उजव्या संघटनांच्या लाउडस्पीकरच्या गाड्या घराबाहेर येऊन ओरडल्या. घरात आवाजांच्या बाबतीत इतका हळवा मुलगा, हे माझं मला नेहमी आठवतं. आणि २००४ मधे नऊ जणांनी मिळून कलम ९ वाचवायला संघटना काढली, त्या नऊतही ते होतेच. फक्त हिरोशिमावर लिहून मोकळा झालेला लेखक नाही हा.

आता वगळण्याबद्दल. तुम्हाला कल्पना नसेल पण तुम्ही अगदी योग्य लेखक निवडलाय वगळायला, त्यांना याची सवय होती.

ऑक्टोबर १९६० मधे टोकियोच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष असानुमा यांना भर सभेत, स्टेजवर, एका १७ वर्षांच्या पोराने तलवारीने भोसकून मारलं. पोराने नंतर कोठडीत गळफास घेतला. ओएंनी अशा एका मुलाच्या डोक्यात शिरून दोन भागांची गोष्ट लिहिली, एकटा, लाजरा, स्वतःची किळस वाटणारा पोरगा झेंड्याखाली गेल्यावर कसा ताठ होतो. 'सेव्हन्टीन' आणि तिचा पुढचा भाग, १९६१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मासिकात आले. धमक्या सुरू झाल्या. त्याच फेब्रुवारीत दुसऱ्याच एका गोष्टीवरून एका प्रकाशकाच्या घरात घुसून तिथल्या कामवाल्या बाईंना मारलं गेलं होतं, म्हणजे धमक्या पोकळ नव्हत्या. मासिकाने माफी छापली. आणि गोष्टीचा दुसरा भाग जपानमधे अधिकृतपणे पुस्तकात यायला २०१८ साल उजाडलं. ५७ वर्षं! लेखक २६ चा होता तो ८३ चा झाला. तेव्हाही "तूर्तास" असाच शब्द कोणीतरी वापरला असेल.

दुसरं ओकिनावा. १९४५ मधे ओकिनावाच्या लढाईत तोकाशिकी, झामामी या बेटांवर सामान्य लोकांनी सामूहिक आत्महत्या केल्या, घरच्या माणसांनी घरच्यांना मारलं, आणि त्याला जपानी सैन्याचा दबाव होता हे ओएंनी १९७० च्या 'ओकिनावा नोट्स' मधे मांडलं. २००५ मधे, म्हणजे पस्तीस वर्षांनी, तिथल्या एका माजी सैनिकी अधिकाऱ्याने आणि दुसऱ्याच्या भावाने ओए आणि इवानामी प्रकाशनावर ओसाकाच्या कोर्टात बदनामीचा दावा लावला. तो चालू आहे याचा आधार घेत मार्च २००७ मधे शिक्षण मंत्रालयाने शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांतून सैन्याच्या जबरदस्तीचा उल्लेख काढायला लावला. खटला चालू, निकाल नाही, पण पान आधीच गायब. त्याच सप्टेंबरात ओकिनावात गिनोवानला सभा झाली, आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे एक लाख दहा हजार माणसं आली, वर्षअखेर मंत्रालयाला सैन्याच्या सहभागाचा उल्लेख पुस्तकात परत येऊ द्यावा लागला. ओए ७२ व्या वर्षी साक्षीला उभे राहिले. मार्च २००८ ला जिल्हा कोर्टात जिंकले, ऑक्टोबरमधे हायकोर्टात, आणि एप्रिल २०११ मधे सुप्रीम कोर्टाने दावेदारांचं अपील फेटाळलं.

म्हणजे बघा, जो उतारा जपानच्या सुप्रीम कोर्टापर्यंत टिकला तो आपल्या समितीत एका बुधवारी संध्याकाळी पडला. विरोधात कोण बोललं, काय कारण दिलं, काहीच माहीत नाही. मला राग येतो तो याचा. तिथे निदान तारखा आहेत, निकालपत्रं आहेत, माणसांची नावं आहेत.

तुमच्या बाजूचे मुद्दे मी ऐकलेत, ते पण लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. एक, ओएंची जपानी अवघड आहे. आहेच! वाक्य सुरू होतं ते पानाच्या खाली जाऊन संपतं, क्रियापदाची वाट बघता बघता चहा गार होतो, जपानी लोकसुद्धा कुरकुरतात. म्हणून तर मी एका तासाला दीडच पान घेते, पेन्सिलीने फुरिगाना (चित्रलिपीच्या शब्दांवर उच्चार) लिहून, आणि मुलांना माहीत आहे की परीक्षेला हे येणार नाही. दोन, कंपन्या नाराज होतील. कोणती कंपनी? मी रोज जपानी माणसांबरोबर जेवते. आमच्याकडचे एक वयस्कर इंजिनियर, मी डब्याशेजारी 'हिरोशिमा नोट्स' ठेवलेलं बघून दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले माझी आई त्या बाजूची, आणि पुढचा अर्धा तास ते बोलले ते मी कुठल्याच मीटिंगमधे ऐकलेलं नव्हतं. ते पुस्तक गुप्त नाहीये हो, तिकडे साठ वर्षं दुकानात मिळतंय. तीन, "आपलं काम भाषा शिकवणं". बरं. मग हिबाकुशा या शब्दाचा अर्थ वर्गात कसा सांगू? "बॉम्बने बाधित व्यक्ती", आणि पुढचा शब्द? २०२४ चं शांततेचं नोबेल हिबाकुशांच्याच संघटनेला, निहोन हिदांक्योला मिळालं तेव्हा आपण फेसबुकवर अभिनंदनाची पोस्ट टाकली होती, चेरीच्या फुलांसकट. आणि त्यानंतर मार्च २०२५ मधे अण्वस्त्रबंदी कराराच्या बैठकीला जपान सरकारने साधा निरीक्षकही पाठवला नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांच्या नव्या ऊर्जा धोरणातून अणुऊर्जेवरचं अवलंबित्व शक्य तितकं कमी करू हे फुकुशिमानंतर घातलेलं वाक्यही गेलं. ओएंच्या एहिमेतच इकाता प्रकल्प आहे. आपली मुलं ज्या देशात जाणारेत तिथे हे चालू आहे, जेवणाच्या टेबलावर निघेल, आणि ती तेव्हा फक्त "सो देस का" (असं का) म्हणत बसतील.

मला काय हवंय ते सांगते. 'हिरोशिमा नोट्स' आणि 'ओकिनावा नोट्स'चे उतारे वाचनवर्गात परत घ्यावेत, "तूर्तास" नको, तारीख हवी. त्या बुधवारच्या बैठकीचं इतिवृत्त शिक्षकांना दाखवावं, आणि एखाद्या कंपनीचं किंवा प्रायोजकाचं पत्र आलं असेल तर ते पण, आलं नसेल तर आलं नाही असं स्पष्ट लिहावं. पुढे कुठलाही उतारा काढायचा तर आधी तो काढणाऱ्यांनी वाचावा आणि शिकवणाऱ्याला बोलवावं, मी चूक असेन तर पटवा, मी ऐकेन. राजापूरच्या त्या मुलीला ऑफिसात बोलावून जे "समजावलं" गेलं त्याबद्दल तिच्याशी कोणीतरी बोलावं, ती त्यानंतर दोन शनिवार आलेली नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतंय. आणि ते पोस्टर काढा, या वर्षी परत लावू नका. लायब्ररीसाठी ओएंच्या जपानी पुस्तकांचे पैसे नसतील तर माझ्याकडच्या तीन प्रती मी देते, कव्हरं खराब झालीत पण पानं शाबूत आहेत.

तीन मार्च २०२३ ला ओए गेले, ८८ व्या वर्षी. दहा दिवसांनी बातमी आली तेव्हा आपल्या सूचनाफलकावर मी हाताने चार ओळी लिहून लावल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी निघाल्या होत्या, खाली परीक्षेचं वेळापत्रक लावायचं होतं म्हणून. तेव्हा मी काही बोलले नाही, जागा कमी असते, समजू शकते.

या शनिवारी साडेचारला दोनशे चार नंबरची खोली मिळाली तर तिथे, नाही मिळाली तर खाली कँटीनमधे, पंख्याजवळच्या लांब टेबलावर आम्ही 'हिरोशिमा नोट्स'ची प्रस्तावना वाचणार आहोत. अकरा झेरॉक्स काढून झालेत, मुलीची पण धरून. तुमच्यापैकी कोणी येणार असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, एक जास्त काढते.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका